मामाचा मेसेज जात नाही

माझी नोकरी सरकारी कचेरीत, दिवसभर कॉम्प्युटरपुढे. एवढ्या भांडवलावर आमच्या खानदानाने मला फोनचा डॉक्टर ठरवून टाकलं. आदिलाबादला बाजारासाठी आमचं कुणीही आलं, की भाजीची पिशवी आणि फोन दोन्ही माझ्या ओट्यावर येऊन पडतात. कुणाच्या फोनचा आवाज गेलेला, कुणाची अक्षरं अचानक तेलुगू झालेली, आणि शपथ सगळ्यांची एकच: "म्या काईच नाही दाबलं." दाबलेलं असतंच.

त्यातलं सगळ्यात खट गिऱ्हाईक म्हणजे माझा मामा. तलमडुगूकडे त्याचा भाजीचा मळा आहे. स्मार्टफोन हातात आल्यापासून तो पहाटे वांगी तोडायच्या आधी अख्ख्या गोतावळ्याला गुलाबाची फुलं, देवांचे फोटो आणि मधुमेहावरचे उपाय पाठवतो. आमच्यात मधुमेह कुणालाच नाही, पण मामाने आशा सोडलेली नाही.

एका बाजारच्या दिवशी तो तणतणत आला. "टावरचा लोचा हाय भाच्या. सगळ्यायले जाते, त्यालेच जाऊन नाही राह्यलं."

'तो' म्हणजे त्याचा जिवलग दोस्त, बाजारातला किराणा दुकानदार. दोघांची यारी माझ्या जन्माआधीची. मी पाहिलं तर मामाच्या प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक, आणि दोस्ताचा फोटोही गायब. त्याने मामाला सरळ ब्लॉक केलं होतं. खरं सांगतो, आधी मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. जी हिंमत आमच्या खानदानात कुणाला झाली नाही, ती त्याने केली होती. पण मामाचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. खरं कळलं असतं, तर हा तिरसट माणूस त्या दुकानाची पायरी जन्मात पुन्हा चढला नसता. मी ठोकून दिलं, "मामा, बिघाड त्यांच्या फोनमध्ये आहे."

हा शहाणपणा अंगाशी आला. थोड्याच वेळात मामा दोस्ताला फोनसकट ओढत घेऊन हजर. "घे, कर दुरुस्त!"

दोस्त माझ्या नजरेला नजर देईना. मी त्याच्या फोनवर उगाच इकडेतिकडे बोटं फिरवली, गंभीरपणे हुंकार दिला आणि गुपचूप ब्लॉक काढला. मामाने लगेच नमुना पाठवला. टिंग! दवात भिजलेला गुलाब, खाली 'शुभ सकाळ'. भर दुपार होती. मामा इतका खूश झाला, की पान आणायलाच निघाला.

तो फाटकाबाहेर पडताच दोस्त माझ्यावर उखडला. "काऊन चालू केलं बे?"

"अहो काका, मामाला वाईट वाटलं असतं."

"अन् माह्यं काय? फोन नव्हता तवा भाजी इकली का हा थेट माह्या दुकानात. चहा प्यायचो, एकमेकाले शिव्या देत बसायचो. फोन आला अन् याचं येणं बंद झालं. निसते फुलं येते. म्हटलं बंद करून पाहू, भांडायले तरी येईल." मग आवाज जरा खाली आला. "आज आला. दुकानात उभा राहून लय शिव्या देल्या मले. लय बरं वाटलं."

मला त्या माणसाची मनापासून माया आली, आणि माझ्या डॉक्टरकीची लाज. त्याने फोन पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मी मामाला पुन्हा ब्लॉक करून दिलं.

मामा पान चघळत आला, बसल्या बसल्या त्याने दुसरं फूल धाडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा बिघडलं का रे?"

"बिघडलं," मी म्हणालो. "जुना फोन आहे, आता याला इलाज नाही."

मामाने दोस्ताकडे रागाने पाहिलं. "तुह्या डबड्याचा काई भरोसा नाही. पुढच्या बाजारी मीच येतो दुकानात, माह्याच फोनात दाखवतो तुले सगळं. चहा सांगून ठेवजो."