डागनीने निवडलेली एकच वस्तू

माझा भाऊ एवर्ट चौतीस वर्षं विमा कंपनीत नुकसान तपासायचा. कुणाचं घर जळालं की राख चाळायला हा हजर. माणसं रडत असायची आणि हा विचारायचा, "पियानो नक्की होता?" निवृत्त झाला तरी खोड गेली नाही, फक्त माणसांऐवजी फर्निचरच्या मागे लागला. खुर्ची दिसली की बसायच्या आधी उलटी करायची. ड्रॉवर ओढून आत नाक घालायचं. एकदा माझ्याकडे जेवायला आला आणि टेबलाखाली वाकून म्हणाला, "गुनेल, हा एक पाय नंतर बसवलाय. कोणी फसवलं तुला?"

मी म्हटलं, "तूच बसवलायस, सत्त्याऐंशी साली. सूप गार होतंय."

अशा माणसाला डागनी मिळाली, हे त्याच्या लायकीपेक्षा जास्तच झालं. ती निवृत्त नर्स. बोलणं मऊ, पण एकदा नाही म्हणाली की विषय संपला. अकरा वर्षं दोघं एकमेकांची होती आणि घरं वेगळी होती. स्वीडनमधल्या आमच्या हेल्सिंगलांडात उतारवयात जुळलेली माणसं पुष्कळदा अशीच राहतात. रविवारी तिच्याकडे जेवण, बुधवारी त्याच्याकडे, आणि झोपायला ज्याने त्याने आपापल्या उशीवर. कोणी नावं ठेवत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात एवर्ट तळघराच्या पायऱ्यांवरून पडला आणि अर्धा दिवस तिथेच पडून राहिला. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाला, "मला एकट्याने मरायचं नाही, गुनेल." सत्तर वर्षांत त्याच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं. बरा झाल्यावर त्याने डागनीला विचारलं, एकत्र राहशील का. तिने महिनाभर विचार केला आणि हो म्हणाली. तळ्याकाठी तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मी देवाचे आभार मानले, आणि मी काही चर्चला जाणारी बाई नाही.

मग फर्निचरचा प्रश्न आला. कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं यावर माझ्यासमोर तीन रविवार खल झाला. पलंग आणि सोफा नवा, कारण डागनी म्हणाली, कुठल्या तरी मेलेल्या माणसाच्या जुन्या पलंगावर मी पाठ टेकणार नाही. एवर्टची दोनशे वर्षांची कोपऱ्यातली फडताळं आणि लांब टेबल यायचं. तिची पन्नास सालातली सागवानी आरामखुर्ची यायची, तिच्याखाली त्याने आधीच सतरा वेळा वाकून पाहिलं होतं.

"आणि आणखी एक वस्तू मी निवडणार," डागनी म्हणाली. "एकच. तिच्याबद्दल तू काही विचारायचं नाहीस. वाकून बघायचं नाहीस."

"कसली वस्तू?"

"हे विचारणंच झालं."

एवर्टने शब्द दिला. मी साक्षीला होते. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "दर गुरुवारी ती कुठे जाते, माहीत आहे तुला? लिलावघरात. आजची गोष्ट नाही, कित्येक वर्षं. घेत काहीच नाही. मग करते काय तिथे?"

"बघत असेल."

"इतकी वर्षं कोणी नुसतं बघत नाही."

मी त्याला गप्प केलं, पण खोटं कशाला बोलू, किडा माझ्याही डोक्यात सोडून गेला.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी डागनीचा मला फोन आला. "एवर्टला घेऊन ये. गाडीला ट्रेलर लाव. सापडलं."

गाडीत एवर्टची भुणभुण सुरू. "सापडलं म्हणजे? निवडलं का नाही म्हणाली?"

"शब्द दिलायस तू," मी म्हटलं. "तोंड उघडलंस तर इथेच उतरवीन."

लिलावाच्या आधी तासभर वस्तू पाहायला मिळतात. ओले कोट, कॉफी, उकडलेले सॉसेज असा सगळा वास, आणि शहाणी माणसं गुडघ्यांवर बसून बॅटरी मारून टेबलांची पोटं बघतायत. डागनी एका उंच निळ्या कपाटापाशी उभी होती. दारांवर आमच्याकडच्या पद्धतीची गुलाबं, वर तीन आद्याक्षरं, त्याखाली साल: 1848. तिचा तळहात दारावर होता आणि डोळे भरलेले होते.

"हे," ती म्हणाली.

एवर्टने दोन्ही हात खिशात कोंबले. त्याचा जबडा मला दिसत होता. किती कष्ट पडत होते बिचाऱ्याला! चार-पाच मिनिटं त्याने काढली, आणि कदाचित निभावलंही असतं. पण तेवढ्यात लिलावघराचा माणूस हसत आला. "सुंदर आहे ना? एकशे सत्तर वर्षं जुनं."

"एवर्ट," डागनी हळूच म्हणाली.

तोवर तो कपाटामागे गुडघ्यांवर होता.

"पाठीला हार्डबोर्ड आहे," आतून आवाज आला. "खिळे कारखान्यातले." मग तो पुढे आला आणि सालावर बॅटरी धरली. "आणि हा पहिला आठ मुळात नऊ आहे. खालचा गोल नंतर पुरा केलाय, रंग वेगळा दिसतोय. हे कपाट एकोणीसशे अठ्ठेचाळीसचं आहे. अक्षरं काय, लबाड माणूस कुठलीही टाकतो."

भोवती वीसेक माणसं जमली. लिलावघराचा माणूस लाल झाला, भिंग आणायला धावला, आणि परत येऊन मान्य करावं लागलं त्याला. खरं सांगते, तेवढा वेळ मला भावाचा अभिमान वाटला.

मग तो डागनीकडे वळला. ती जराही चकित झालेली नव्हती. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"माहीत असून मला हे घ्यायला लावत होतीस. विकणारा कोण आहे? तुला किती मिळणार होते यात?"

डागनी रडली नाही. तिने हात दारावरून काढला.

"माझ्या बाबांनी रंगवलंय ते," ती म्हणाली. "मी जन्मले त्या वर्षी. अक्षरं माझी आहेत. डागनी, ओलोफची मुलगी, असं जुन्या चालीने घातलं त्यांनी. ते गेले आणि भावांनी मला न विचारता विकून टाकलं. तेव्हापासून दर गुरुवारी इथे शोधतेय. साल कोणी बदललं ते मला ठाऊक नाही."

"मग सांगायचं ना मला," एवर्ट म्हणाला.

"सांगणारच होते, घरी नेल्यावर. त्याआधी एकदाच बघायचं होतं, काही न सांगता तू माझ्यावर विश्वास ठेवतोस का."

मला राहवलं नाही. "अरे गाढवा, अकरा वर्षं तिच्या वाढदिवसाचा केक खातोस तू. तो सालाचा आकडा वाचलास ना? तिची अक्षरं वाचलीस ना?"

"वाचली," तो म्हणाला. "पुरावा म्हणून वाचली, गुनेल." म्हातारा झालेला दिसला मला तो त्या वेळी.

लिलाव सुरू झाला तेव्हा खरं वय जाहीर करावंच लागलं. बाकी कोणी हात वर केला नाही. डागनीला ते तीनशे क्रोनरला पडलं, एका जेवणाच्या पैशात. एवर्टने जड बाजू उचलली, पाठमोरा चालत ट्रेलरपर्यंत नेली, आणि मी विचारलं, "कुठे?"

"माझ्या घरी," डागनी म्हणाली. तळ्याकाठचं नव्हे, ते तिचं जुनं घर. एवर्टने मान हलवली आणि दोऱ्या आवळत राहिला.

आठवड्याने तो फुलं घेऊन तिच्या दारात गेला. तिने आत घेतलं, कॉफी दिली. "रविवार तुझाच आहे, आणि बुधवारही," ती म्हणाली. "माझा राग नाही तुझ्यावर. पण जिथे मला रोज पुरावा द्यावा लागेल तिथे मी राहायला येणार नाही." त्याने माफी मागितली, मनापासून मागितली. तिने ती घेतली आणि निर्णय बदलला नाही.

तळ्याकाठच्या फ्लॅटमध्ये आता तो एकटा राहतो. नवा पलंग दोघांच्या मापाचा आहे. पडला तर कळावं म्हणून डागनीनेच एक व्यवस्था लावून दिली आहे: रोज सकाळी सातला त्याने मला फोन करायचा, नाही आला तर मी तिला सांगायचं आणि ती किल्ली घेऊन जाणार. सातला फोन वाजतो. "उठलोय," एवर्ट म्हणतो. मी "बरं" म्हणते, आणि आम्ही फोन ठेवतो.