थांबाताईंच्या वहीतलं कोरं पान

डायलिसिस केंद्रात पन्नासेक माणसं कामाला होती आणि त्यांतल्या निम्म्यांना तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं. कोणाचाही कॉम्प्युटर अडला आणि तिला फोन केला की पलीकडून पहिला शब्द यायचा, "थांबा." त्यानंतर, "कशालाही हात लावू नका, मी येते." म्हणून ती थांबाताई. पेशंटही तिला त्याच नावाने हाक मारत. एक निवृत्त मास्तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचे. ती दारात दिसली की खुर्चीतूनच ओरडायचे, "थांबाताई, माझी किडनी तेवढी रिस्टार्ट करून द्या की!"

"आधी बघू द्या, मास्तर. उगाच रिस्टार्ट करत नसतात."

हे आई असतानाचं. आई जाऊन आता तीन महिने झाले होते. मास्तर अजूनही ओरडायचे. ती मान हलवून पुढे जायची.

रिस्टार्टबद्दल ती मास्तरांना म्हणाली ते गमतीत नव्हतं, ती तिची कामाची रीत होती. रिस्टार्ट केलं की आजार जातो, पण आजाराच्या खुणाही जातात, आणि आठवड्याने तो पुन्हा येतो तेव्हा आपण होतो तिथेच असतो. म्हणून आधी बघायचं. रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ रोज सकाळी बारा वर्षं मागे गेलेलं असायचं आणि मग एकही साइट उघडायची नाही. तिघांनी छातीठोकपणे सांगितलं, व्हायरस आहे, नवा घ्या. हिने डबा उघडला, आतली घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि डबा बंद केला. औषधांच्या खोलीतला कॉम्प्युटर दुपारीच निळा पडून बंद व्हायचा, सकाळी कधीच नाही. हिने दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं. दुपारी खिडकीतलं ऊन थेट त्याच्यावर यायचं आणि आतल्या पंख्यावर धुळीची गादी बसली होती. टेबल चार फूट सरकवलं, ब्रश फिरवला. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं की उरलेलं काम पाच मिनिटांचं, असं ती म्हणायची.

आणि प्रत्येक बिघाड वहीत. शाळेत मिळते तसली दोनशे पानी वही, एका बिघाडाला एक पान, वर तारीख आणि खाली तीन ओळी. काय दिसलं. काय केलं. काय झालं. अकरा वर्षांत नऊ वह्या भरल्या होत्या. आईने एकदा एक वही चाळली होती. "यंत्रांची पण कुंडली मांडतेस होय गं? त्यांना ताप आला की पळतेस. मला आला की म्हणतेस, थांब, येतेच." हे बोलून आई स्वतःच हसली होती.

तर त्या सोमवारी सकाळी पावणेनऊला हेड सिस्टरचा फोन आला. "ताई, एकाही पेशंटची फाइल उघडत नाही. सगळ्या कॉम्प्युटरवर तेच."

"थांबा. हात लावू नका."

सकाळची पाळी कशीबशी भागली होती, कारण रविवारीच तिचे कागद छापून ठेवले होते. खरी अडचण एक वाजताच्या पाळीची होती. सोळा खुर्च्या, सोळा पेशंट, आणि प्रत्येकाचं कोरडं वजन त्या फाइलमध्ये. कोरडं वजन म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढून झाल्यावर जेवढं उरायला हवं तेवढं. तो आकडा माहीत नसेल तर मशीनने किती पाणी ओढायचं हे सांगता येत नाही. कमी ओढलं तर माणसाला धाप लागते. जास्त ओढलं तर खुर्चीतच डोळे फिरतात. मास्तरही एकच्या पाळीचे.

केंद्रप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या सर्व्हरच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या. ही खोली म्हणजे एक कपाट, एक एसी आणि बसायला एक स्टूल.

"रिस्टार्ट करून बघितलं का?"

"नाही. करायचं नाही."

"अहो, पण घरचा टीव्हीसुद्धा..."

"टीव्हीत अकरा वर्षांच्या फायली नसतात, बाई. लिहिता लिहिता थांबलाय. तसाच बंद केला तर उठेल की नाही, सांगता येणार नाही."

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. "एकच्या आत फायली पाहिजेत. आणि हे कोणामुळे झालं ते मला आजच लेखी पाहिजे. मागच्या वेळी वीज गेली तेव्हा नानांनी या मशीनला हात लावला होता ना? त्यांना एकदा लेखी ताकीद दिलेली आहे. या वेळी त्यांचं असेल तर मी काही करू शकणार नाही."

नाना नोंदणीचे कारकून. ते बाईंच्या मागेच उभे होते. ताकीद त्यांना दोन पेशंटच्या फायली एकमेकांत मिसळल्याबद्दल मिळाली होती. बाई गेल्यावर ते आत आले आणि हळूच म्हणाले, "ताई, माझं तर काही नाही ना? तुम्ही फोनवर सांगितलंत तेवढंच केलं होतं मी. पदरचं काही नाही."

"बघते, नाना."

"नाही, म्हणजे घरी अजून सांगितलं नाही मी ताकिदीचं. आता एकदम नोकरीच गेल्याचं काय सांगू?"

"बघते म्हटलं ना."

एरवी तिने त्यांना स्टुलावर बसवून चहा मागवला असता. आज तिला कळत होतं की नाना घाबरलेत. पण ते कळणं काचेपलीकडचं असल्यासारखं होतं. गेले तीन महिने सगळंच तसं होतं. नवरा म्हणायचा, एकदा रडून घे, मोकळी होशील. तिने एका रविवारी दार लावून प्रयत्नही केला होता. काही आलं नाही. मग तिने भांडी घासली.

तिने स्क्रीन चालू केली आणि डिस्क किती भरलीये ते विचारलं. उत्तर आलं, शंभर टक्के. म्हणजे सर्व्हरला एक अक्षर लिहायलाही जागा नव्हती, म्हणून तो गप्प झाला होता. साधा आजार, फाइल उघडत नसली की पहिल्यांदा बघावं असा. पण या डिस्कवर निम्मी जागा मोकळी असायची. ती कोणी खाल्ली? तिने कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीये ते मोठ्यापासून लहानापर्यंत मागवलं.

सगळ्यात वर नाव आलं, बॅकअप.

ती स्टुलावर जरा मागे सरली. बॅकअप या डिस्कवर असायलाच नको होता. तो बाहेरच्या डिस्कवर जायचा. कपाटाच्या मागे निळ्या केबलने जोडलेली एक डबी, रोज रात्री दोनला सगळ्या फायलींची एक नक्कल तिच्यात पडायची. बॅकअप नावाचं फोल्डर म्हणजे त्या डबीचं नुसतं दार होतं. डबी जोडलेली असली की दारातून पलीकडे जाता यायचं. जोडलेली नसली की दार तसंच राहायचं, फक्त मागे आपलीच भिंत. नकला रोज आल्या, दार उघडलं आणि आपल्याच घरात साठत गेल्या. अस्सल आणि नक्कल एकाच डिस्कवर. ती डिस्क जळली असती तर दोन्ही गेल्या असत्या.

तिने कपाटाच्या मागे हात घातला. निळी केबल लोंबत होती.

नकला चौऱ्याण्णव होत्या. पहिलीची तारीख तिला वाचायची गरज नव्हती. तरी तिने वाचली.

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती दुसऱ्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आत आई, आईजवळ दादा. चार वाजता नानांचा फोन आला. वीज गेली, यूपीएस संपला, आता वीज आलीये पण सर्व्हर काही उठत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकतीये. तिने विचार केला. मशीन कधी कधी चुकीच्या दारात जाऊन उभं राहतं. आपली सिस्टिम आतल्या डिस्कवर आहे हे विसरून बाहेरच्या डबीत शोधत बसतं. तिने नानांना डबीची निळी केबल काढायला सांगितली. ती ओळखायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्या वेळात आतल्या नर्सने दोनदा दार उघडून तिच्याकडे बघितलं. दोन्ही वेळा तिने हात वर करून खूण केली, थांबा. तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा दादा होता. त्याने दार उघडंच धरून ठेवलं. नाना फोनवर म्हणत होते, "ताई, काढली केबल. चालू करू?" ती म्हणाली, "करा. केबल नंतर लावू."

ती दहा दिवसांनी कामावर आली. रोज सकाळी मेल असायचा, बॅकअप पूर्ण झाला. ते खोटंही नव्हतं. पूर्वी ती दर शनिवारी डबीतून एखादी फाइल परत काढून, उघडून बघायची. "परत काढून बघितला नाही तर तो बॅकअप नव्हे, नवस," हे तिचंच वाक्य. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांना ती हसायची. तीन महिन्यांत तिने एकही शनिवार केला नव्हता. शनिवार आला की तिला वाटायचं, पुढच्या वेळी बघू. खरं तर तेवढंही वाटायचं नाही.

दहा वाजले होते. घाईने काही पुसायचं नाही. तिने शेवटच्या तीन नकला आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेल्या. त्याला पाऊण तास लागला. त्यांतली एक उघडून सकाळच्या पाळीतल्या एका पेशंटची फाइल काढली, कोरडं वजन वाचलं, अठ्ठावन्न किलो. सिस्टरला फोन करून रविवारी छापलेल्या कागदावरचा आकडा विचारला. अठ्ठावन्न. मग जुन्या नकला एकेक पुसल्या. जागा झाली. मग रेकॉर्डचा प्रोग्राम नीट बंद करून नीट चालू केला. तो उठेपर्यंत चार मिनिटं गेली आणि तेवढा वेळ नाना दारात एका पायावर उभे असल्यासारखे उभे होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी वरून सिस्टरचा आवाज आला, "उघडल्या!" त्या सकाळच्या नऊ नोंदी तेवढ्या अर्धवट होत्या. त्या कागदावरून पुन्हा भरायच्या ठरल्या. एकच्या ठोक्याला मास्तर खुर्चीत बसले.

नाना म्हणाले, "सुटलो बुवा." आणि लगेच, "सुटलो ना?"

तिने निळी केबल लावली, डबी दिसते का ते तपासलं, आणि डबी नसेल तर नक्कलच करू नको, मेल पाठवून ओरड, अशी एक ओळ रात्रीच्या बॅकअपच्या प्रोग्राममध्ये घातली. ती अकरा वर्षांपूर्वीच घालायला हवी होती. मग वही उघडली. आजचं पान लिहिलं. पण कारण आजच्या पानात नव्हतं. तिने चौऱ्याण्णव दिवस मागे उलटलं. तिथे एक पान तिने रिकामं सोडलं होतं, वर फक्त तारीख. ती कधी घातली ते तिला आठवेना.

तिने पेन घेतलं.

काय दिसलं: वीज गेल्यावर सर्व्हर उठला नाही. बाहेरच्या डिस्कवर सिस्टिम शोधत होता.

काय केलं: मी फोनवरून सांगितल्याप्रमाणे नानांनी केबल काढली. ते बरोबर होतं. ती परत लावून घ्यायचं माझं काम होतं.

काय झालं: सर्व्हर चालू झाला. केबल राहिली. चौऱ्याण्णव दिवस खरा बॅकअप नव्हता.

ओळीत थोडी जागा उरली होती. तिने पुढे लिहिलं: चार वाजून वीस मिनिटांनी आई गेली. मी बाहेर फोनवर होते.

हे अहवालात बसतं का, असा तिने विचार केला. झालं ते हेच होतं. तिने तसंच राहू दिलं आणि पानाची झेरॉक्स काढून मोठ्या बाईंना नेऊन दिली.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे फायलीत लावायचं?"

"हो. कोणामुळे झालं ते लेखी मागितलं होतंत."

"तुम्ही तेव्हा सांगायचंत तरी. दुसऱ्या कोणाला तरी..."

"नानांचं काही नाही ना त्यात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नानांचं काही नाही." त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात सही केली आणि कागद फायलीत न लावता बराच वेळ हातातच ठेवला.

नाना जिन्यात थांबले होते. वही टेबलावर उघडीच राहिली होती आणि त्यांनी ती वाचली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"ताई, तुम्ही तेव्हा तिथे होतात? आणि मी म्हणत होतो, आवाज येत नाही, जरा मोठ्याने बोला."

"हो," ती म्हणाली. "मग मी मोठ्याने बोलले."

ती सर्व्हरच्या खोलीत गेली. निळ्या केबलला नावाची पट्टी चिकटवायची राहिली होती.