रात्री पंप बंद केला, सकाळी टाकी सडली

दोस्तहो, टाकीतलं सडलेलं पाणी उपसून घासघासून हात धुतले, तरी वास जाऊन नाही राहिला.

काल माह्यी नाइट शिफ्ट होती. पाहुणा आलेला साळा हॉलमध्ये, माह्या समुद्री माशांच्या टाकीजवळ झोपला. सकाळी क्वार्टरचं दार उघडलं अन् मले ओकारीच आली. पाणी दुधासारखं, दोन्ही क्लाउनफिश मेलेले, अंगठ्याएवढं होतं तवापासून वाढवलेल्या कोरलवर शेंबडासारखा चिकटा.

"पंप कावून बंद केला?"

"घरघर करत होता जी, भाऊजी. रात्री मासेही झोपतेतच ना?"

अंधारात पाणी फिरलं नाही तर त्यातला ऑक्सिजन संपते, हे मी सांगितलं. तर नाक दाबून म्हणे, "नवीन आणून देतो न!"

त्या वासापेक्षा या बोलण्याची मले जास्त किळस आली. बादली त्याच्या हातात देऊन म्हटलं, "मेलेले तूच काढ."

सांगा, मी जास्त बोललो का?