मास्तरांची हिरवी कातरण

मास्तर माझ्या समोरच्या दारात राहतात. त्यांनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, मी चौतीस वर्षं फरशी बसवली. दोघांचेही गुडघे एकाच वर्षी गेले, म्हणून दोघंही एकदमच घरी बसलो. फरक एवढाच, की मला काम संपवून जागा झाडून उठायची सवय आहे आणि मास्तरांना काही टाकवत नाही. त्यांच्या पलंगाखाली कातरणीची सात पोती आहेत. रंगवार लावलेली.

वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण घर सोडून गेली, तेव्हा समुद्राच्या पाण्याची चार फुटी टाकी मास्तरांना देऊन गेली. खारं पाणी, तळाला वाळू, चौदा दगड, दोन मासे. अशा टाकीत दगडांवर प्रवाळ वाढवतात. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, दुकानात जाऊन एक प्रवाळ आणलं. मुठीएवढं, केशरी, वळ्यावळ्यांचं. लग्नानंतर कुणालाही न विचारता स्वतःसाठी आणलेली त्यांची ही पहिली वस्तू. ते वर्षाला नखाएवढं वाढतं. वहिनी सकाळचा चहा त्याच्यासमोर बसून घेतात.

त्याच दुकानदाराने मास्तरांना दुसऱ्या एका प्रवाळाचा रुपयाएवढा हिरवा तुकडा फुकट दिला. दुकानदार स्वतःहून फुकट देतो म्हटल्यावर माणसाने दोन पावलं मागे सरावं. मास्तर पुढे सरले.

ही हिरवी म्हणजे खाली चामड्यासारखी जांभळी साल आणि वर हिरवं गवत. हात लावला की गवत आत जातं, साल उरते. तीन महिन्यांत तिने चार दगड झाकले आणि मागच्या काचेवर चढली. मास्तर खूश.

"बघा मिस्त्री, कशी बसलीय अंगावर! एक सुरकुती नाही."

"मिस्त्री, त्यांना सांगा," वहिनी आतून म्हणाल्या, "माझ्या केशरीपासून ती चार बोटांवर आलीय. तिच्याखाली गेलं की ते मरणार. हिचा पदर माझ्या केशरीला लागला ना, तर टाकी गच्चीवर जाईल. आणि टाकीबरोबर हेही."

मी म्हटलं, मास्तर, काढा. मास्तर म्हणाले, काढतो. मी पंधरा दिवसांनी पाहिलं, तर हिरवी सहा नव्या दगडांवर.

"काढली होती ना?"

"काढली की. दर रविवारी कापतो. जुन्या कात्रीने, सरळ रेषेत."

बघितलं तर रेष खरंच सरळ होती. पण मास्तरांनी प्रत्येक कडेला अर्धा इंच माया सोडली होती. शिलाईला लागते म्हणून. माया सोडली की हिरवी तिथूनच पुढे निघणार.

"आणि कापलेले तुकडे?"

मास्तर माशांकडे बघायला लागले.

"अहो, सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "वाया जातात म्हणून चिकटवले. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, एकेका दगडावर एकेक."

"मास्तर, तुम्ही काढताय की पेरताय?"

"चांगला माल आहे हो," ते हळूच म्हणाले.

मी टाकीसमोर स्टूल टाकून तासभर नुसता बघत बसलो. काम सुरू करण्याआधी बघण्यात गेलेला तास कधी फुकट जात नाही. हिरवी दगडावर होती, काचेवर होती, पंपाच्या नळीवर होती. वाळूवर कुठेच नव्हती. सुट्या वाळूवर तिला पाय रोवता येत नव्हता. म्हणजे दोन फरश्यांमध्ये सांधा सोडतात तसा वाळूचा पट्टा सोडायचा. एवढंच.

शनिवारी सकाळी आठला हात घातला. हातमोजे, चष्मा, पंप बंद, नाहीतर तुकडे पाण्याबरोबर फिरून पुन्हा रुजतात. एकेक दगड बाहेर, पातळ छिन्नी, साल तर काढायचीच, खालचा दगडही ज्वारीच्या दाण्याएवढा उडवायचा. मग बादलीत, टाकीतल्याच पाण्याने धुवायचा. नऊ दगड, तीन तास दहा मिनिटं. मागची काच आणि पंपाची नळी पत्र्याने खरवडायला चाळीस मिनिटं. मास्तर तुकडे गोळा करत होते. मी मान वळवली की एखादा त्यांच्या खिशात जायचा.

"खिसा रिकामा करा," वहिनी म्हणाल्या.

"एकच आहे."

"दुसरा खिसा."

हिरवीचा दहावा दगड तेवढा ठेवायचा ठरलं. तो वाळूच्या मध्यावर, चारी बाजूंनी वीत वीत मोकळी जागा सोडून. मग मी केशरीचा दगड जरा फिरवला आणि थांबलो. केशरीच्या मागच्या अंगाला, बुडाला लागून, हिरवीची बोटभर पट्टी. एकसारखी, गोलाकार.

वहिनींनी वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

"पायपिंग," मास्तर म्हणाले. "केशरीला हिरवा काठ खुलतो म्हणून. तुला पुढे कधीतरी फिरवून दाखवणार होतो."

पट्टीची एक कड केशरीच्या अंगावर चढली होती. मी छिन्नी उचलली आणि खाली ठेवली. माझा हात दगडाचा. छिन्नी मारली असती तर केशरीचे दोन तुकडे झाले असते.

मास्तर उठले आणि शिवण उसवायचं हत्यार घेऊन आले. चष्मा नाकावर ओढला. दगड खाऱ्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला. मग टाका टाका उसवावा तशी ती साल सोडवायला लागले. वहिनींनी टॉर्च धरला. एकदाच बोलल्या, "माया नको."

"नको," मास्तर म्हणाले.

सव्वा तास लागला. मी चौतीस वर्षं लोकांची कामं बघितली आहेत आणि फुकट कुणाला शाबासकी देत नाही. ते काम चोख होतं. केशरीच्या कडेला नखाएवढा पांढरा व्रण राहिला, बाकी अंगाला धक्का नाही. आणि पातेल्यातली पट्टी मास्तरांनी स्वतः उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. डब्याचं झाकण मात्र मला लावावं लागलं.

बाकीची बादलीभर कातरण ते दुकानदाराकडे घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "फुकट दिलीत तरी नको. टबभर पडलीय." बादली गच्चीवर उन्हात वाळली.

दोन महिन्यांनी व्रण केशरी झाला. मास्तरांची टेप आता वहिनींच्या गळ्यात असते. सकाळी चहा घेता घेता त्या वाळूचा पट्टा काचेबाहेरून मोजतात. काल दार उघडून मला हाक मारली.

"मिस्त्री, एका बाजूने वीतभराची पाच बोटं झालीत. दगड सरकलाय."

"आपोआप सरकला?"

"ते म्हणतात, आपोआप."

मी छिन्नी घेतली आणि गेलो. आत शिरताच मास्तरांचे दोन्ही खिसे आधी बघितले.