रविवारचा ओव्हरटाइम नाकारणारा माणूस

नोकरीत पाहिलेले खून-दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. चाकणजवळच्या एका कारखान्यातली लहानशी चोरी मात्र जशीच्या तशी आठवते. त्या वेळी मी त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

चोरी होती कार्बाइड इन्सर्टची. लेथ मशीनवर लोखंड कापायला या नखाएवढ्या टिकल्या लावतात. मूठभर टिकल्या खिशातून नेल्या तरी कुणाला कळत नाही आणि भंगारातही त्यांना चांगला भाव येतो. कारखान्याच्या टूल रूममधून त्या सारख्या गायब होत होत्या. एके दिवशी तिथला सुपरवायझर एका कामगाराला गाडीत घालून घेऊनच आला. सोबत गेटवरचा गार्ड होता.

"साहेब, हाच आहे. दिसतो साधा, पण लई आतल्या गाठीचा," सुपरवायझर म्हणाला.

कामगार तिशी ओलांडलेला, नगर जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, धर्मानं ख्रिस्ती. कंत्राटावर टूल रूममध्ये होता. उजवा हात मनगटापासून सुजून टम्म झाला होता. सुपरवायझर म्हणाला, पळताना पडला. मी कामगाराकडे पाहिलं.

"पडलो नाही. टूल रूममध्ये कोंडून मारलं. कबूल हो म्हणत होते," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

ठाणे अंमलदाराला सांगून मी त्याला मेडिकलला पाठवलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून आल्यावर विचारलं, मारहाणीची तक्रार आहे का? तो म्हणाला, "आत्ता नाही साहेब. आधी चोरीचं काय ते होऊ द्या."

मला हे उत्तर आवडलं नाही. निर्दोष माणूस आमच्या ठाण्यात आला की आधी आरडाओरडा करतो, मग ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो. शांत बसतात ते सराईत. त्यात संध्याकाळी आमच्या खबऱ्यानं भर घातली. कारखान्यासमोर त्याची चहाची टपरी होती.

"साहेब, त्या गड्याचं एक कळत नाही. रविवारी डबल ओव्हरटाइम मिळतो, पोरं त्यासाठी भांडतात. हा कधीच घेत नाही. जड पिशवी घेऊन थेरगावला जातो. पिशवी खणखण वाजते."

कंत्राटी कामगार डबल पगार सोडतो म्हणजे त्याची दुसरीकडे कमाई आहे, हा हिशेब मी लगेच मांडला. तुम्हीही मांडला असता.

दुसऱ्या दिवशी चौकशीला बसलो. माझी एक जुनी युक्ती होती. संशयिताला त्याच्या वैऱ्याचं नाव सुचवायचं. निर्दोष असो की चोर, ते नाव तो झेलतोच आणि बोलायला लागतो.

"सुपरवायझरच माल काढत असेल, नाही का? तसा जबाब दे, तुला मोकळा करतो."

"मी त्यांना नेताना पाहिलं नाही."

"त्यानं तुझा हात मोडला."

"मोडला. पण चोरी करताना पाहिलं नाही."

दारात त्याची बायको डबा घेऊन उभी होती. तिनं हे ऐकलं आणि तिचा धीर सुटला. "साहेब, तुम्हीच समजावून सांगा यांना. घरभाडं आहे, पोरीची शाळा आहे. अहो, त्या माणसानं हात मोडला, त्याचं नाव घ्यायला तुमचं काय जातंय?"

"बघितलंच नाही तर कसं सांगू? देवाला सगळं माहीत आहे. तो वाऱ्यावर सोडायचा नाही आपल्याला."

"मला माहीत आहे तो सोडत नाही ते. पण घरमालक भाडं सोडंल का?" ती म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवून भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. हात मोडणाऱ्याचं नाव आयतं मिळत असताना घेत नाही, म्हणजे दोघं सामील आहेत. वाटणीवरून बिनसलं असणार. बायकोचं रडणंही मला ठरवून केलेलं वाटलं. मुद्देमाल काहीच नव्हता, म्हणून नोटीस देऊन त्याला सोडलं आणि मागावर साध्या कपड्यात आमचा एक हवालदार लावला. हवालदार मावळातला, अंगानं दांडगा, तोंडानं गोड. मी त्याला बजावलं, रविवारी त्याला एक मिनिट नजरेआड करायचा नाही. ही गोष्ट ठाण्याबाहेर कुणाला माहीत नव्हती.

रविवारी दिवस मावळता हवालदार परत आला.

"सायेब, थेरगावात डांगे चौकाच्या मागं एक हॉल हाय. तिथं यांची प्रार्थना असती. पिशवीत टाळ होते. भजनाला हाच टाळ धरतो, पण हात मोडलाय म्हणून आज दुसऱ्याकडं दिले. मी मागच्या बाकावर बसलो. त्यांनी मलाबी जेवू घातलं, ह्योच डाव्या हातानं भात वाढत व्हता."

"आणि हा?"

"हा हमसून हमसून रडला सायेब. आपल्या म्होरं डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई, आन् तिथं गुडघ्यावर बसून पोरावानी रडत व्हता. म्हनं, देवा, मला लई भ्या वाटतंय. सांजच्याला घरी जाईस्तोवर मी मागंच व्हतो. कुठंबी गेला न्हाई."

भीती त्यालाही होती, फक्त ती सांगायची त्याची जागा वेगळी होती.

सोमवारी सकाळी मी अजून खुर्चीत टेकलोही नव्हतो, तोच सुपरवायझर गार्डला घेऊन हजर. "साहेब, काल परत माल गेला. तुम्ही सोडलात ना त्याला? काल दुपारी मागच्या भिंतीवरून आत आला. यानं स्वतः पाहिलं." गार्डनं मान हलवली.

"नक्की तोच होता?"

"हातावरचं प्लास्टर दिसलं ना साहेब," गार्ड म्हणाला.

मी हवालदाराकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, पण मिशीत हसू मावत नव्हतं. ज्या दुपारी हा मोडक्या हातानं भिंत चढत होता म्हणे, त्या दुपारी तो माझ्याच माणसाला भात वाढत होता. मी गार्डला वेगळ्या खोलीत नेलं. चहा संपायच्या आत तो रडकुंडीला आला. माल सुपरवायझर काढायचा आणि चिखलीच्या बाजूच्या एका भंगारवाल्याला विकायचा. गार्ड गेट सांभाळायचा. पंचनामा करून माल जप्त केला. दोघांना अटक झाली.

मग कारखान्याचा मॅनेजर आला. मारहाणीचं प्रकरण वाढू नये ही त्याची इच्छा. कामगाराला मी बोलावून घेतलं होतं. मॅनेजर त्याला गोडीत म्हणाला, "झालं गेलं विसरून जाऊ. तुमच्यात तर क्षमा करायला शिकवतात ना?"

"केली साहेब. रोज प्रार्थनेत नाव घेतो त्यांचं."

मॅनेजरचा चेहरा सैल झाला.

"पण तक्रार द्यायची आहे. उद्या त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कोंडलं, तर देव मला विचारेल, तू का गप्प बसलास."

"कंत्राट पुढं चालू राहणार नाही, हे सांगून ठेवतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. बायको शेजारीच होती. या वेळी ती रडली नाही. तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "लिहा साहेब."

मी फिर्याद लिहून घेतली आणि वाचून दाखवली. त्यानं मला मधेच थांबवलं. "सुपरवायझर आणि गार्डनं पाइपानं मारलं, असं लिहिलंय तुम्ही. गार्डनं दार धरलं होतं. मारलं फक्त सुपरवायझरनं."

"अरे, त्या गार्डनं तुझ्यावर खोटी साक्ष दिली."

"दिली. पण मारलं नाही साहेब. तेवढं दुरुस्त करा."

जन्मभर मी लोकांच्या फिर्यादी लिहिल्या. राग आलेला माणूस एक थप्पड सांगताना दोन सांगतो, हे मी गृहीतच धरून चालायचो. संशय हे आमचं हत्यार आहे आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. याही माणसाला शेवटी संशयानंच वाचवलं. पण देवावर भरवसा ठेवणारा माणूस हात जोडून मुकाट मार खातो, अशी जी माझी समजूत होती, ती त्या दिवशी गेली. तो भ्यायला होता, रडला होता, नोकरीही घालवून बसला होता, आणि तरी खऱ्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायला तयार नव्हता. मी ती ओळ खोडली, नव्यानं लिहिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. डाव्या हातानं त्यानं हळूहळू सही केली.