कोपरा तुटलेली लगड

परवा लंडनमध्ये हॅरोला दादाकडे गेले होते. चहा व्हायच्या आधीच माझ्या या मोठ्या भावाने मला पांढरे हातमोजे घालायला लावले आणि शोकेसमधून बोटाच्या पेराएवढी सोन्याची लगड काढून माझ्या तळहातावर ठेवली. अमेरिकेतल्या गोल्ड रशच्या काळातली. खाणवाल्यांचं कच्चं सोनं वितळवून तिथल्या पारख्याने ओतलेली, वर त्याचं नाव ठोकलेलं. एक कोपरा तुटका होता. कस बघायला पारख्याने तेवढा तुकडा छिन्नीने काढला होता म्हणे. दादा त्या कोपऱ्याचं नातवासारखं कौतुक करत होता.

"अशा बाकीच्या सगळ्या लगडी लोकांनी मेल्ट केल्या गं," तो म्हणाला. "इडियट्स! हिस्टरी वितळवली त्यांनी."

मी सहज विचारलं, "आणि आईच्या पाटल्या रे?"

आई गेल्यापासून त्या त्याच्याकडेच होत्या. एका पाटलीवर माझ्या पहिल्या दातांच्या खुणा होत्या. आई त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

"त्या स्क्रॅपमध्ये दिल्या. ही घ्यायला थोडं कमी पडत होतं ना. डिझाइन जुनं, त्यात एक चेपलेली."

मला शिसारी आली. त्याची, त्याच्या शोकेसमधल्या मखमलीची, माझ्या हातातल्या मोज्यांचीसुद्धा. मी मोजे ओढून काढले आणि त्या लगडीवर अंगठा घट्ट दाबला.

"अगं, खूण राहील!" दादा किंचाळला.

"मग वितळव," मी म्हणाले.