मागितलं मी, मिळालं त्याला

आमच्या दोघांत आधीची ख्रिस्ती मी. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण आता कोणाच्या ते ध्यानात राहत नाही. माझ्या आजोबांनी आमच्या गावात सगळ्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतला. वडील सुवार्तिक होते, सायकलला पिशवी अडकवून नवापूरच्या आसपासच्या पाड्यांवर येशूविषयी सांगत फिरायचे. शाळेत जायच्या आधी मला बायबलची वचनं पाठ होती.

नवरा डोंगराकडच्या घरातला. त्याच्या घरी वाघदेव, धान्याची देवी कणसरी, सगळं होतं. त्याचे वडील भगत होते. लोक आजारी माणसाला घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि ते सुपात दाणे टाकून काय लागलंय ते सांगायचे. लग्नाआधी त्याने बाप्तिस्मा घेतला, तो थोडा प्रभूसाठी आणि बराचसा माझ्यासाठी, असं मला अजून वाटतं. प्रार्थना कशी करायची ते त्याला मीच शिकवलं. आधी आभार मानायचे, मग क्षमा मागायची, मग मागणं. तो मधलं सगळं विसरायचा आणि थेट मागणंच करायचा, तेही आमच्या आदिवासी कोकणी बोलीत, दुकानात उधार मागावं तसं.

विसरवाडीला महामार्गावर त्याचं पंचरचं दुकान आहे. मी अंगणवाडीत सेविका आहे, आणि रविवारी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मुलांची शाळा घेते.

कृपादानांविषयी आमच्याकडे बोलणं सुरू झालं ते चर्चला तरुण पाळक आल्यावर. वडिलांच्या काळात पवित्र आत्म्याची दानं ही वाचून पान उलटायची गोष्ट होती. हे पाळक मात्र त्यावर रविवारमागून रविवार शिकवत राहिले. कोणाला न शिकता अन्य भाषा मिळते, कोणाला शिकवण्याचं दान, कोणाला रोगी बरे करण्याचं. देणारा आत्मा एकच, आणि तो देतो ते मंडळीच्या उभारणीसाठी, कोणाच्या मिरवण्यासाठी नाही. पण मोठ्या दानांची ओढ धरा, मागत राहा, असंही ते म्हणाले. मी तेवढंच धरून ठेवलं.

मला रोगी बरे करण्याचं दान हवं होतं. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी तिच्या पोटावर हात ठेवून रोज प्रार्थना करायची. आई माझ्याकडे बघायची, मला बरं वाटावं म्हणून मान हलवायची, आणि माझा हात म्हणजे नुसता हात असायचा. ती गेल्यावर मी शुक्रवारचे उपास धरले. दुसऱ्या कोणाच्या आईसाठी तरी उपयोग होईल, असं देवाला सांगून बघितलं.

एका उन्हाळ्यात विसरवाडीच्या बाहेर शेतात मंडप घालून मोठी सभा भरली. गुजरातकडून वक्ते आले होते. आमच्या मंडळीच्या बायकांना घेऊन जायला नवऱ्याने कोणाचा तरी टेम्पो मागून आणला. तो सभेला आला नव्हता, टेम्पो चालवायला आला होता. आम्ही आत गेलो आणि तो बाहेर टेम्पोच्या सावलीत बसला.

वक्त्यांनी सांगितलं, ज्यांना दान हवंय त्यांनी पुढे या. मी पुढे गेले. माझ्या डाव्या बाजूची बाई रडायला लागली, उजव्या बाजूच्या, आमच्याच मंडळीतल्या मुलीच्या तोंडून भराभर शब्द यायला लागले, मला न कळणारे. मी डोळे घट्ट मिटले, तळहात वर केले. घाम आला, जीभ कोरडी पडली. वक्त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. मला आठवतंय, त्या वेळी मी पहिल्यांदा त्या मुलीचा आवाज ऐकून मनात म्हटलं, ही तर कधी उपासही धरत नाही.

बाहेर आले तर टेम्पोभोवती बायका जमलेल्या. एक म्हातारी उन्हाने आणि पोटाच्या कळांनी तिथेच खाली बसली होती. नवऱ्याने तिला पाणी दिलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणे तो एवढंच म्हणाला, "बापा, ही दमली. हिला उठव." म्हातारी उठली. स्वतःच्या पायांनी चालत मंडपात गेली.

"बाई, तुमच्या घरात एवढं मोठं दान, आणि तुम्ही बोलला नाहीत कधी!" एकजण मला म्हणाली.

नवरा टेम्पोला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, "काय केलंस तू?"

"काही नाही गं. तू शिकवलीस तशी प्रार्थना केली."

मी शिकवली तशी ती नव्हती. त्यात आभार नव्हते, क्षमा नव्हती. परतीच्या वाटेवर मी त्याच्या शेजारी बसायचं सोडून मागे बायकांत बसले.

त्यानंतर लोक दुकानावर यायला लागले. कोणी गुडघे घेऊन, कोणी अंगात मुरलेला ताप घेऊन, कोणी नुसतं मनाचं ओझं घेऊन. एखाद्या ट्रकचं चाक जमिनीवर उघडं पडलेलं असायचं, कंप्रेसर धडधडत असायचा, आणि हा हात पुसायचा विसरून कोणाच्या तरी कपाळावर हात ठेवायचा. बायका कपाळावर काळी बोटं घेऊन घरी जायच्या आणि दिवसभर धुवायच्या नाहीत. मी अंगणवाडीतून येताना ते बघायची. मी जळायची. दुसरा शब्द मला सापडत नाही.

त्याला वचनं धड येत नव्हती. एकदा त्याने एका आजोबांना धीर देताना मोशेला माशाच्या पोटात घातलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "मोशे नाही, योना." आजोबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. जेवताना मी पुन्हा काढलं.

"चुकीचं सांगू नये लोकांना," मी म्हटलं.

"नाव चुकलं. पण मासा होता ना?"

"मासा होता."

"मग बाहेर कोण आला ते त्यांना कळलं." आणि त्याने भाकरी मोडली.

त्याच काळात मुलांच्या शाळेत मला ‘एक शरीर, अनेक अवयव’ हा धडा घ्यायचा होता. मी फळ्यावर एक माणूस काढला, हात, पाय, डोळा, कान. प्रत्येकाचं काम वेगळं, डोळ्याने हाताचा हेवा करायचा नसतो, हे मुलांना समजावलं. मुलं हसली, त्यांनी वह्यांत माणूस काढला. मी चांगलं शिकवते. घरी येताना मला स्वतःवरच हसू आलं, कारण त्यातला एक शब्दही माझ्या कामी येत नव्हता.

हिवाळ्यात म्हसावदकडची एक बाई आली. त्यांच्याकडच्या केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर दुकानावर थांबला होता, त्याने जाऊन तिकडे सांगितलं होतं. चांगल्या शेतकरी घरातली बाई, नऊवारी नीट नेसलेली, सोबत शाळकरी मुलगी.

"ताई, तो पंचरवाला भाऊ आठेच शे का?" तिने मला विचारलं. "मन्ही पोरले फिट येतस. आम्ही म्हसावदथीन उनूत."

मी बोट दाखवलं. नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, दोन वाक्यं बोलला, आणि मग आईला म्हणाला, "मावशी, आता हिला नंदुरबारला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. आजच न्या. गोळ्या लिहून देतील, त्या एकही चुकवायच्या नाहीत."

"मंग तुम्ही काय करं?" बाईला कळेना.

"मी मागितलं. तुम्ही गोळ्या द्या."

काही महिन्यांनी ती पपया घेऊन परत आली. मुलीची फिट थांबली होती. बाईने डॉक्टरचं नाव घेतलं आणि त्याचंही घेतलं, आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "हाऊ भगत खरा शे!" नेमके तेव्हा आमच्या मंडळीतले एक वडीलधारे, निवृत्त हेडमास्तर, मोटारसायकलची हवा भरायला थांबले होते.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी आम्हा दोघांना थांबायला सांगितलं. पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या. हेडमास्तर बोलायला उभे राहिले.

"माझं त्याच्याशी वैर नाही," ते म्हणाले. "पण लोक त्याला भगत म्हणायला लागलेत. याचा बाप भगत होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे आत्म्याचं दान आहे की बापाकडून आलेलं, हे मंडळीने पारखायला नको?"

नवरा हातातल्या टोपीकडे बघत होता. त्याचे वडील वारले तेव्हा तो लहान पोरासारखा रडला होता, आणि त्यांच्याविषयी मंडळीत तो कधीच बोलत नसे.

पाळक माझ्याकडे वळले. "बाई, शास्त्र तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. आणि तुम्ही त्याच्यासोबत राहता. तुम्हाला काय वाटतं?"

हेडमास्तर बोलले ते माझ्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. आता ते मोठ्याने बोललेलं ऐकताना मला आतून गार वाटलं. मी नुसतं म्हटलं असतं, की मलाही शंका आहे, तर तो उद्यापासून फक्त पंचर काढणारा झाला असता. माझ्या वडिलांच्या मंडळीत मी पुन्हा मी झाले असते. मी उभी राहिले तेव्हा काय बोलणार ते मलाच माहीत नव्हतं.

"मी त्याच्यावर नजर ठेवून आहे," मी म्हटलं. "त्या सभेपासून. मला त्याची चूक सापडायला हवी होती."

खुर्च्या करकरल्या. नवऱ्याने वर बघितलं.

"मी उपास केले, मागितलं, आणि मिळालं त्याला. मला ते सहन होत नाही. म्हणून मी बघत होते, तो कोणाकडून काही घेतो का. घेत नाही. पपया आणल्या त्या त्याने ड्रायव्हर लोकांत वाटल्या. मी बरं केलं असं म्हणतो का, ते बघितलं. म्हणत नाही. दाणे नाहीत, दोरे नाहीत. प्रत्येकाला डॉक्टरकडे पाठवतो. वचनं चुकवतो, तेवढं आहे. दुसरं काही मला सापडलं नाही, आणि माझ्याएवढं कोणी शोधलं नसेल."

हेडमास्तर खाली बसले आणि म्हणाले, "वचनांचं तुम्ही बघा, बाई."

शेवटी ठरलं ते असं. दुकानावर आलेल्याला परत पाठवायचं नाही, पण रविवारी उपासनेनंतर चर्चमध्येच एका बाकावर प्रार्थना व्हावी, सगळ्यांसमोर. आणि बायका येतात म्हणून मी त्याच्या शेजारी बसावं.

आम्ही मोटारसायकलवर घरी निघालो. फाट्यावर ट्रक जाऊ द्यायला थांबलो तेव्हा मान न वळवता तो म्हणाला, "चूक सापडायला हवी होती?"

"हो."

"मला विचारायचंस. मी दाखवल्या असत्या."

तो चिडला नव्हता, आणि त्याचाही मला राग आला. माझ्या जागी तो असता तर त्याला एवढा हेवा वाटलाच नसता, हे मला माहीत होतं. ते दानही त्यालाच मिळालं होतं.

त्या बाकावर मी आता दर रविवारी बसते. लोक काय दुखतंय ते मला सांगतात, मी त्याला सांगते, मोशे-योना झालं तर हळूच दुरुस्त करते. बायका माझा हात धरून रडतात. पाळक म्हणतात, धीर देणं हेही कृपादान आहे, बाई. मी हो म्हणते. मला ते कळतं, पण मी ते मागितलं नव्हतं. नवीन आलेले लोक मला पंचरवाल्याची बायको म्हणतात, तेव्हा मी माझ्या वडिलांचं नाव सांगते. त्यांना ते आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात जॅक सरकून त्याचा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी पट्टा दिला, आराम सांगितला. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "तू कर ना प्रार्थना. माझ्यासाठी कोणी करत नाही."

मी हात ठेवला. आभार मानले, क्षमा मागितली, मग मागितलं. हात तसाच ठेवून वाट बघितली. काही झालं नाही. गुडघा सुजलेला होता तसाच होता, गरम.

"काही वाटलं?" मी विचारलं.

"नाही," तो खरं तेच म्हणाला. "पण काढू नको हात."

तेवढ्यात दाराशी कोणीतरी आलं, पोरीला ताप होता म्हणून. तो लंगडत उठला आणि बाहेर गेला. मी खाटेवर बसून त्याचा आवाज ऐकत होते, त्या दोन वाक्यांचा, आणि मला पुन्हा तसंच झालं, नेहमीसारखं. मग तो आत येऊन आडवा झाला, पाय माझ्याकडे केला आणि म्हणाला, "चल, राहिलेली प्रार्थना पुरी कर."